आधी कृपा, मागाहून माणूस

१ जानेवारी १७७३, शुक्रवार. इंग्लंडमधलं ओल्नी, ग्रेट ऊज नदीकाठचं बाजाराचं गाव. थंडी अशी की बोटं स्वतःची वाटत नाहीत. तुम्ही रस्त्याने चालला आहात आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून लाकडाच्या बारीक कांड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येतो आहे. एका खिडकीशी थांबा, आत बघा. बाईच्या मांडीवर गच्च भरलेली उशी आहे, उशीवर टाचण्या दाटीने खोचलेल्या, आणि त्या टाचण्यांभोवती दोरे फिरवत ती कांड्या इकडून तिकडे टाकते आहे. मान वर करायला तिला सवड नाही. लेस विणणं हा या गावाचा धंदा; लहान पोरीसुद्धा यालाच जुंपलेल्या. ही लेस श्रीमंतांच्या गळ्याशी आणि मनगटाशी जाते. विणणारीच्या घरात चूल पेटायची मारामार.

ती उठली की तिच्या मागोमाग निघा. गावाच्या टोकाला उंच मनोऱ्याचं देऊळ आहे, तिथे आज नव्या वर्षाची उपासना आहे. गर्दी इतकी होऊ लागली आहे की पाळकसाहेब आल्यापासून वर एक सज्जा वाढवावा लागला. मिळेल त्या बाकावर बसा.

फक्त एक करा. तुम्ही येताना चित्रगुप्ताची वही सोबत आणली आहे, ती मिटून ठेवा. आपण सगळेच ती काखेत मारून फिरतो: अमक्याने एवढं केलं म्हणून त्याला तेवढं मिळालं, करावं तसं भरावं. ती वही खोटी आहे असं इथे कुणी म्हणणार नाही. पण ती उघडून बसलात तर आज इथे जे बोललं जाणार आहे त्यातलं काही हाती लागणार नाही.

व्यासपीठावर चढलेला माणूस सत्तेचाळीस वर्षांचा आहे, ठेंगणा, अंगाने भक्कम. नाव जॉन न्यूटन. वक्ता म्हणून बेताचाच. पण हा माणूस आठवडाभर ज्यांच्या घरी जाऊन बसतो तेच लोक इथे समोर बसलेत, त्यामुळे त्याचं बोलणं डोक्यावरून जात नाही. आजचा उतारा जुन्या करारातला, पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायातला. दावीद राजा स्थिरस्थावर झाला आहे आणि त्याच्या मनात येतं की आपण गंधसरूच्या वाड्यात राहतो आणि देवाचा कोश मात्र कापडी तंबूत. देवासाठी एक घर बांधावं. नाथान संदेष्ट्याकरवी देव त्याला उलटंच सांगतो. घर तू मला नाही बांधायचंस, तुझं घर मी बांधणार आहे. मेंढरांमागे फिरत होतास तिथून तुला मी उचललं. यावर दावीद देवापुढे जाऊन बसतो आणि विचारतो, मी असा कोण लागून गेलो?

द्यायला निघालेला माणूस घ्यायच्या जागी येऊन बसला. ख्रिस्ती श्रद्धेत कृपा म्हणतात ती हीच. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तेच ठासून सांगितलं आहे: तारण हे देवाचं दान, कर्माची कमाई नव्हे, कमाई असती तर माणूस त्याची फुशारकी मारत बसला असता. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांचं याच मुद्द्यावर वाजलं, १५१७ नंतर ल्यूथर आणि रोम यांचं वाजलं. माणसाचा हात त्यात किती, कृपा कोणत्या वाटेने पोचते, एकदा मिळाल्यावर गमावता येते का, यावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. पण पहिलं पाऊल देवाचं असतं, माणसाचं नाही, हे ल्यूथर आणि रोम या दोन्ही बाजूंना मान्य आहे. पतितपावन म्हणून विठ्ठलाला हाक मारणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या तुम्हाला हे अगदीच परकं वाटायला नको.

प्रवचनासोबत न्यूटनने एक नवं गीत लिहून आणलं आहे. तो आणि गावातला त्याचा कवी मित्र मिळून प्रार्थनासभांसाठी अशी गीतं लिहीत असतात. १७७९मध्ये त्यांचं पुस्तक निघेल, त्यात साडेतीनशेच्या आसपास गीतं असतील. आजचं गीत म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’. तुमचे कान त्या ओळखीच्या चालीसाठी टवकारले असतील, पण ती चाल आज येणार नाही. शब्दांना ती जोडली जाईल १८३५मध्ये, तीही अमेरिकेत. न्यूटनने ती कधीच ऐकली नाही. स्वर्गातल्या दहा हजार वर्षांचं शेवटचं कडवं तुम्हाला पाठ असेल तर तेही इथे नाही. ते दुसऱ्या कुणाचं, पुढे चिकटवलेलं.

गीतात हा माणूस स्वतःला फार खालच्या पायरीवर उभा करतो. धर्मात नम्रतेची एक ठरीव भाषा असते, तसंच हे असावं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. चला.

२१ मार्च १७४८. पायांखाली आता फळ्या आहेत आणि त्या सरळ राहत नाहीत. उत्तर अटलांटिक, मध्यरात्र उलटलेली, जहाज ‘ग्रेहाउंड’. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत, सोन्याची भुकटी, मेण आणि रंगाचं लाकूड घेऊन ते इंग्लंडकडे निघालं आहे. बावीस वर्षांचा न्यूटन झोपेतून उठतो तो कोठडीत पाणी शिरल्याने. वर धावतो, वाटेत कप्तान भेटतो, म्हणतो, खाली जाऊन सुरी आण. तो वळतो, आणि त्याच्या जागी जो वर जातो त्याला लाट तिथल्या तिथे उचलून नेते. यात पुण्याई कुणाची होती, हे वही उघडून सांगा पाहू.

जहाजाची एक बाजू वरून फुटली आहे. कपडे, अंथरुणं, हाताला लागेल ते भोकांत कोंबून वर फळ्या ठोकल्या जात आहेत. बुडायचंच, पण बुडत नाही, याचं कारण साधं आहे: मेण आणि लाकूड पाण्याहून हलकं असतं. वाहून जाऊ नये म्हणून न्यूटनने स्वतःला दोराने बांधून घेतलं आहे आणि पहाटे तीनपासून दुपारपर्यंत तो पंप मारतो आहे. मधेच त्याच्या तोंडून निघून जातं की यानेही भागलं नाही तर देवच दया करो. आणि तो दचकतो. कारण देवाचं नाव त्याने कित्येक वर्षांत शिव्या देण्यापुरतंच घेतलं होतं. खलाशी ज्या शिव्या देतात त्या याला पुरत नसत, नव्या रचायचा. मुरलेल्या कप्तानालाही त्या ऐकवत नसत. नौदलातून पळाला म्हणून चाबकाने फोडून निघाला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी असताना त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकी बायकोने त्याला उपाशी ठेवलं, तेव्हा रात्री चोरून कच्ची कंदमुळं उपटून खाल्ली. त्या हालातही जवळ युक्लिडचं पुस्तक होतं. वाळूत काठीने आकृत्या काढून तो भूमिती शिकला.

मग चार आठवडे फुटकं जहाज, संपत आलेलं अन्न, आणि याच्यासारख्या पाप्यामुळे हे ओढवलं म्हणून कप्तानाची कुरकुर. एप्रिलमध्ये ‘ग्रेहाउंड’ आयर्लंडच्या लॉख स्विली खाडीत नांगर टाकतं तेव्हा शेवटचं अन्न चुलीवर शिजत असतं. दोन तासांत असा वारा सुटतो की समुद्रात असते तर एकही वाचला नसता.

बहुतेक प्रवचनकार गोष्ट इथे संपवतात. वादळ, प्रार्थना, किनारा, पश्चात्ताप. तुम्हाला इथे उतरता येणार नाही, कारण पुढचा मुक्काम याच माणसाच्या दुसऱ्या जहाजावर आहे.

१७५१ सालचे सुरुवातीचे दिवस, पश्चिम आफ्रिकेचा किनारा, जहाज ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’. कप्तान जॉन न्यूटन. आता शिव्या नाहीत. रविवारी खलाशांना गोळा करून तो उपासना घेतो. रोज पहाटे बायबल, लॅटिनचा अभ्यास, घरी बायकोला, मेरीला, लांबच लांब प्रेमळ पत्रं. तुम्ही मागे उभे राहून पत्र वाचलंत तर माणूस सोन्यासारखा वाटेल.

आता शिडीने खाली उतरा. माल ठेवायच्या कोठारात मधोमध फळ्यांचा एक मजला टाकला आहे, म्हणजे दुप्पट माणसं मावतात. उंची इतकी कमी की बसल्यावर मान वाकवावी लागते. एकाचा उजवा हात आणि पाय दुसऱ्याच्या डाव्याला साखळीने जखडलेला. कूस बदलायची तर शेजाऱ्याला जागं करावं लागतं. वास काय आहे ते मी लिहीत नाही, तुम्ही तिथे उभे आहात. वर कप्तान रोजनिशी लिहितो आहे. मेलेल्यांची नोंद त्यात क्रमांकाने होते, नावाने नाही. पुढच्या जहाजावर बंडाचा कट केल्याच्या संशयावरून तो पोरांची बोटं चापात धरेल आणि कबुली काढून घेईल, आणि तेही सरळ लिहून ठेवील. याच सफरींविषयी नंतर तो म्हणणार आहे की देवाच्या सहवासाचे याहून गोड तास आपण क्वचितच अनुभवले.

ज्यांना ते गीत आवडतं त्यांनी इथे नजर वळवू नये. १७४८च्या वादळानंतर न्यूटन सहा वर्षं या धंद्यात राहिला, त्यातल्या तीन सफरी कप्तान म्हणून. सुटला तो सदसद्विवेकाने नव्हे. १७५४मध्ये, पुढच्या सफरीला निघायच्या तोंडावर, घरी चहा पिताना त्याला एकाएकी झटका आला आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी झालो आहोत, ही चाकरी नको, अशी प्रार्थना तो करत असे हे खरं. पण धंदा चुकीचा आहे असं त्या काळात त्याने कुठे म्हटलेलं नाही.

मग ती कृपा होती की भास? न्यूटनची वकिली करणारे सांगतात की तो काळच तसा होता. मला ही वकिली पटत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला तो १६८८मध्ये, न्यूटनच्या जन्माच्या सदतीस वर्षं आधी. न बघण्याची सोय होती, आणि त्याने ती घेतली. पण म्हणून ती कृपा नव्हतीच असं म्हणायलाही मी तयार नाही, कारण तसं म्हटलं की पुन्हा वही उघडली: माणूस नीट झाला तरच कृपा खरी. शास्त्र याच्या उलट सांगतं. कृपा आधी येते, आणि जो भेटेल त्याला, असेल त्या अवस्थेत भेटते. त्याला सरळ करण्याचं काम मागाहून सुरू होतं, आणि ते चाळीस वर्षंही घेऊ शकतं. तळघरात साखळीत पडलेल्यांसाठी ती चाळीस वर्षं फार महाग पडली. हा आक्षेप या शिकवणीला लागू आहे आणि तो कुठल्याही गोड शब्दांनी मिटवू नये.

ओल्नीला परत या. उपासना संपली आहे. पाळकाच्या घरात माळ्यावरच्या अभ्यासिकेत चढून जा. न्यूटन इथेच लिहायला बसतो. शेगडीच्या वर भिंतीवर त्याने बायबलमधली दोन वचनं रंगवून घेतली आहेत. त्यांतलं एक जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं: मिसर देशात तूही गुलाम होतास आणि देवाने तुला सोडवलं, याची आठवण ठेव असं सांगणारं. हे वाक्य रोज डोळ्यांपुढे ठेवून बसणाऱ्या माणसाने स्वतः विकलेल्या गुलामांबद्दल अजून एक शब्दही जाहीरपणे काढलेला नाही. १७७३च्या जानेवारीत भिंत त्याच्यापुढे आहे.

आज बाकांवर तो कवी मित्रही होता. विल्यम कूपर, एकेचाळीस वर्षांचा, सहाव्या वर्षी आई गेलेला, वकिलीत न रमलेला. दहा वर्षांपूर्वी नोकरीच्या परीक्षेच्या धसक्याने त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. मग सेंट ऑल्बन्सच्या डॉक्टर कॉटन यांच्या वेड्यांच्या इस्पितळात, रोमकरांस पत्र वाचताना, त्याला क्षमा मिळाल्याचा अनुभव आला. तो आता बाजारचौकातल्या ‘ऑर्चर्ड साइड’ या घरात मेरी अनविन या विधवेच्या कुटुंबासोबत राहतो. त्याची आणि न्यूटनची परसं जवळ, मधे फळबाग. दोघांनी त्यातून जायची वाट करून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पाळकाच्या दारावर थाप पडते. कूपरला पुन्हा तोल सुटल्याचा झटका आला आहे. पुढच्या महिन्यात त्याला एक स्वप्न पडतं आणि त्यात लॅटिनमध्ये निकाल मिळतो की तुझं सगळं संपलं. त्या स्वप्नानंतर तो मरेपर्यंत, म्हणजे १८००पर्यंत, स्वतःला कृपेबाहेर टाकलेला मानतो. गंमत अशी, आणि ही गंमत भयंकर आहे, की त्याचा सिद्धान्त पक्का शाबूत असतो. देव ज्याला धरतो त्याला सोडत नाही, हे त्याला मान्य. सगळ्या जगात अपवाद एकच, तो मी.

एप्रिलमध्ये जत्रेच्या गोंगाटाला कंटाळून तो न्यूटनकडे येतो आणि परत जायला तयार होत नाही. एक दिवस, दोन दिवस करता करता तेरा महिने तो तिथे राहतो. न्यूटनचा पगार वर्षाला साठ पौंड. एक श्रीमंत व्यापारी पाहुणचारासाठी मदत करतो म्हणून घर चालतं. रात्री-अपरात्री उठावं लागतं. कूपरला वाटतं की हे सगळे आपला द्वेष करतात, मेरी अनविन तर सर्वात जास्त. आणि तरी तिच्याखेरीज कुणी जवळ आलेलं त्याला चालत नाही. ऑक्टोबरमध्ये, अब्राहामासारखा बळी देव आपल्याकडे मागतो आहे आणि तो बळी आपणच, असं वाटून तो पुन्हा जीव द्यायला निघतो. न्यूटन त्याच्याशी वाद घालून हरतो. वाद थांबवतो, बागेत काम देतो, जेवायला वाढतो. १७७४च्या वसंतातली एक सकाळ तुम्हाला बघायला मिळते: कूपर कोंबड्यांना दाणे टाकतो आहे, त्यांच्यात काहीतरी होतं, आणि त्याला हसू येतं. न्यूटन ते टिपून ठेवतो. सोळा महिन्यांहून अधिक काळाने आलेलं पहिलं हसू.

न्यूटनची सगळी प्रवचनं एकीकडे आणि हे तेरा महिने एकीकडे ठेवले तर मी हे तेरा महिने उचलीन. कूपरला काही जाणवत नव्हतं, काही पटत नव्हतं, त्याच्याकडून परतफेड होण्याची आशा नव्हती. घर उघडं राहिलं. जाणवलं तरच कृपा असते असं मानणाऱ्यांनी ओल्नीच्या या घरात थोडं बसून यावं.

गाव सोडण्याआधी बाप्टिस्टांच्या सभागृहावरून चला, थोडा काळ पुढे सरकून. १७८६मध्ये इथली मंडळी जोडे शिवणाऱ्या एका तरुणाला उपदेशक म्हणून मान्यता देऊन पाठवते. विल्यम कॅरी. त्याचं मराठी व्याकरण १८०५मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं जाईल आणि नंतर मराठी नवा करारही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा एक धागा या लेसच्या गावातून निघतो, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

लंडन, डिसेंबर १७८५. न्यूटन आता साठीचा, शहरातल्या सेंट मेरी वुलनॉथचा पाळक. त्याच्या घराच्या चौकात एक सव्वीस वर्षांचा खासदार येरझारा घालतो आहे; दार वाजवायचा धीर होत नाही. विल्यम विल्बरफोर्स. राजकारण सोडून देवाच्या कामाला लागावं का, हे त्याला विचारायचं आहे. म्हातारा त्याला सांगतो की आहेस तिथेच राहा. पुढची वीस वर्षं पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जो किल्ला लढवला गेला, त्यात या भेटीचा वाटा आहे.

आणि १७८८मध्ये न्यूटन अखेर बोलतो. आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावरची त्याची पुस्तिका छापली जाते. फळीवर पुस्तकं रचावीत तशी माणसं रचली जात हे तो लिहितो, साखळ्या लिहितो, मरणाचं प्रमाण लिहितो. ही कबुली उशिरा येते आहे आणि स्वतः तो धंदा केल्याची लाज आपल्याला कायम राहील, हेही लिहितो. स्वतःला सूट देत नाही. नंतर प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि कॉमन्सच्या समितीपुढे साक्षही देतो. पस्तीस वर्षांमागची रोजनिशी आता आरोपपत्र होते, आणि साक्षीदार व आरोपी एकच. कूपरही त्याच वर्षी गुलामांच्या बाजूने कविता लिहितो. स्वतःला बुडालेला समजणारा माणूस दुसऱ्यांसाठी हात पुढे करतो.

मार्च १८०७मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन वारला, ब्याऐंशी वर्षांचा, डोळे जवळपास गेलेला. १७४८च्या त्या वादळाचा दिवस तो दर २१ मार्चला पाळत असे. त्याच्या रोजनिशीतली शेवटची नोंदही १८०५च्या २१ मार्चची आहे.

तुम्ही परत आलात की ते गीत कुठे ना कुठे कानावर पडेलच, कुणाच्या अंत्यविधीला किंवा एखाद्या सिनेमात. जरूर ऐका. पण त्याच माणसाची १७८८ची ती पुस्तिकाही मिळवून वाचा. चाळीसेक पानांची आहे, एका बैठकीत होते. ती न वाचता गीतावर डोळे पुसू नयेत, असं माझं मत आहे.